दाराबाहेरची खुर्ची

न्यूयॉर्क शहरातला ब्रुकलिन हा भाग. तिथे एका मानसोपचारतज्ज्ञाची खोली. औषधांची कपाटे नाहीत, तपासणीचे टेबल नाही. समोरासमोर बसण्याची जागा, पुस्तके आणि घड्याळ, एवढाच काय तो सरंजाम. सुनील नावाचा एक गृहस्थ आपला मुलगा अरुण आणि अमेरिकन सून ज्युलिया यांच्याबरोबर तिथे आला आहे. सुनील कोलकात्यात गणिताचा प्राध्यापक होता. पत्नी वारली आणि मुलाने त्याला अमेरिकेत आपल्या घरी आणले. तेव्हापासून त्याचे मन कशातच रमत नाही. ही सारी हकिगत सांगतात मुलगा आणि सून. सुनील गप्प आहे. शेवटी डॉक्टर त्या दोघांना बाहेर थांबायला सांगतात. दार बंद होते, आणि मग सुनील बोलू लागतो.

‘इन ट्रीटमेंट’ या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या पर्वातला, २०१० सालचा हा प्रसंग. सुनीलची भूमिका इरफान खानची. ज्यांच्या कादंबरीवरच्या ‘द नेमसेक’ या चित्रपटात इरफानने परदेशातला बंगाली बाप उभा केला होता, त्या झुंपा लाहिरी यांनी सुनीलच्या कथेसाठी सल्ला दिला होता. मालिका पाहताना माझे लक्ष मात्र इरफानच्या अभिनयावरून उडाले आणि मला आमचे आप्पाकाका आठवले.

काकू गेल्यानंतर आप्पाकाकांना मुलाने साताऱ्याहून पुण्याला आणले. सहा महिन्यांत माणूस निम्मा झाला. मग आम्ही त्यांना एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. आम्ही म्हणजे चुलतभाऊ, वहिनी आणि मी. डॉक्टरांनी विचारले, “झोप लागते का?” वहिनी म्हणाल्या, “पहाटे तीनलाच उठून बसतात.” “भूक?” भाऊ म्हणाला, “अर्धी पोळीसुद्धा संपवत नाहीत.” “मनात काही वाईटसाईट विचार?” हे उत्तर मी दिले. “छे छे, आमचे काका खंबीर आहेत!” काका टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. दहा मिनिटांत चिठ्ठी हातात घेऊन आम्ही बाहेर पडलो. त्या दहा मिनिटांत कोणीही खोटे बोलले नव्हते. डॉक्टर वाईट नव्हते, बाहेर गर्दी होती. परंतु ज्यांच्यासाठी गेलो होतो, त्यांच्या तोंडून एक वाक्यही निघाले नव्हते, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

घरात एवढी जिव्हाळ्याची माणसे असताना परक्यापुढे मन मोकळे करायचे कशाला? आणि करायचेच, तर आम्हाला बाहेर का बसवायचे? आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या मनात हा प्रश्न असतो. काही ठिकाणी तो रागाच्या रूपात असतो, तर काही ठिकाणी दुखावलेपणाच्या. या प्रश्नाला उत्तर शोधताना ही मालिका मला फार उपयोगी पडली. तिच्यातले डॉक्टर आदर्श आहेत म्हणून नव्हे. ते वारंवार चुकतात म्हणून.

दोन माणसे, एक खोली

मुळात ही मालिका अमेरिकेची नव्हे, इस्रायलची. हगाई लेवी यांनी ‘बे टिपुल’ या नावाने २००५ मध्ये ती आणली. हिब्रूत या शब्दांचा अर्थ ‘उपचार चालू’ असाच काहीसा होतो. मानसशास्त्रज्ञाची भूमिका केली होती आसी दायान यांनी. इस्रायलचे प्रसिद्ध सेनानी मोशे दायान यांचे हे चिरंजीव. कल्पना अगदी साधी होती. एक भाग म्हणजे एका रुग्णाची एक भेट. आठवड्यातले चार दिवस चार वेगवेगळे रुग्ण किंवा जोडपी यायची, आणि पाचव्या दिवशी हा मानसशास्त्रज्ञ स्वतःच आपल्या जुन्या मार्गदर्शक बाईंकडे मन मोकळे करायला जायचा. पाठलाग नाही, गाणे नाही, खोलीबाहेर कॅमेरा क्वचितच जायचा. दोन माणसे बसून बोलताहेत आणि आपण ते ऐकतो आहोत. हे कोण बघणार, असे कोणालाही वाटले असते. लोकांनी ते बघितले, आणि डझनाहून अधिक देशांनी आपापल्या भाषेत ही मालिका करून घेतली.

अमेरिकेत २००८ मध्ये रॉड्रिगो गार्सिया यांनी ती ‘एचबीओ’साठी केली. हे गार्सिया म्हणजे कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांचे पुत्र. गॅब्रिएल बर्न हे डॉ. पॉल वेस्टन झाले, आणि डायान वीस्ट त्यांच्या मार्गदर्शक जीना. पुढे २०२१ मध्ये त्याच नावाने चौथे पर्व आले. त्यात उझो अडुबा या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने लॉस एंजलिसमधली थेरपिस्ट रंगवली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘आँ तेरापी’ हे फ्रेंच रूप आले. तिथल्या डॉक्टरचे आडनाव दायान ठेवले आहे.

या निरनिराळ्या रूपांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इस्रायलच्या मालिकेत एक रुग्ण होता हवाई दलाचा वैमानिक, बॉम्बहल्ला करून आलेला. अमेरिकेत तोच झाला नौदलाचा वैमानिक अ‍ॅलेक्स. त्याने इराकमध्ये टाकलेल्या बॉम्बमध्ये मदरशातली मुले मेली आहेत. फ्रान्समध्ये त्याच जागी आला एक पोलीस अधिकारी. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या बाताक्लाँ नाट्यगृहावर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा आत शिरलेल्या पथकातला. तिघांचेही म्हणणे एकच : “मला काही झालेले नाही.” प्रत्येक देशाने आपली सर्वांत खोल जखम त्या कोचावर आणून बसवली. कारण एकेकट्या माणसाचे दुखणे हे पुष्कळदा त्याच्या समाजाचेही दुखणे असते.

प्रेम, राग आणि घड्याळ

आपल्या पडद्यावर मनाच्या उपचारांचे चित्रण झालेच नाही असे नाही. आठवा १९६९ चा ‘खामोशी’. असित सेन यांनी तो आधी १९५९ मध्ये बंगालीत सुचित्रा सेनला घेऊन केला होता. हिंदीत वहिदा रेहमान ही नर्स राधा. प्रेमभंगाने वेडे झालेल्या रुग्णाला बरे करण्यासाठी तिने त्याच्यावर प्रेमाचे नाटक करायचे, हा डॉक्टरांचा प्रयोग. रुग्ण बरा होऊन निघून जातो आणि राधा मात्र खरोखरच गुंतते. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी ती कोसळते, आणि शेवटी त्याच इस्पितळातल्या खोलीत रुग्ण म्हणून बंद होते. आपण सगळे वहिदासाठी रडलो. पण प्रेम देऊन मन बरे करता येते, ही त्या प्रयोगामागची समजूत आपण तपासली नाही. आजही आपण सहज म्हणतो, “त्याला औषध नको, माया हवी.”

‘इन ट्रीटमेंट’च्या पहिल्या पर्वात सोमवारी येते लॉरा. ही स्वतः भूलतज्ज्ञ डॉक्टर आहे. पहिल्याच भागात ती पॉलला सांगते की तुझ्यावर माझे प्रेम आहे. नेहमीच्या चित्रपटात इथून प्रेमकथा सुरू झाली असती. इथे सुरू होतो तो कठीण भाग. असे का घडते, याचे कोडे सिग्मंड फ्रॉइडला शंभर वर्षांपूर्वीच पडले होते. १९०० साली ‘डोरा’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या एका तरुण मुलीवर त्याने उपचार केले. तीन महिन्यांत ती उपचार सोडून गेली. १९०५ मध्ये त्याने ती हकिगत छापली, तेव्हा आपली चूक कबूल केली. रुग्ण आपल्या आयुष्यातल्या जुन्या माणसांविषयीचे प्रेम, राग, भीती डॉक्टरवर आणून ठेवतो, आणि ते वेळीच ओळखणे आपल्याला जमले नाही, असे त्याने लिहिले. शास्त्रात याला ‘ट्रान्सफरन्स’ म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर पत्ता चुकलेले पत्र. लिहिलेले असते बापाला किंवा आईला, आणि पोचते डॉक्टरच्या हाती.

चांगला उपचारतज्ज्ञ हे पत्र फाडत नाही, आणि स्वतःला आले आहे असे समजून खिशातही घालत नाही. हे खरे कोणासाठी आहे, ते रुग्णाबरोबर बसून शोधतो. आणि हे शोधता यावे म्हणूनच ती खोली, ती ठरलेली वेळ, ते घड्याळ आणि ती फी. आपल्याला यातली फी सर्वांत खुपते. “पैसे घेऊन ऐकणारा तो कसला आपला?” पण जरा विचार करा. घरच्या माणसापुढे मन मोकळे केले की त्याचीही झोप उडते. तो दुखावतो, रागावतो, उपदेश करतो, नाहीतर चार दिवसांनी तेच बोलणे भांडणात काढतो. त्याला सांभाळून घेण्याची जबाबदारी पुन्हा बोलणाऱ्यावरच येते. फी देऊन आलेल्या माणसावर समोरच्याला सांभाळण्याचे हे ओझे नसते. तिथले नाते मर्यादित असते, म्हणूनच त्यात निर्धास्तपणे बोलता येते.

पॉल वेस्टनला हे सारे पाठ आहे. तरी त्याचा पाय घसरतो. त्याचा संसार मोडत चालला आहे, लॉरा त्यालाही आवडू लागली आहे, आणि हीच लॉरा अ‍ॅलेक्सच्या जवळ गेल्याचे कळताच त्याचा तोल जाऊन तो अ‍ॅलेक्सच्या अंगावर धावून जातो. पर्वाच्या शेवटी तो लॉराच्या घरी पोचतो, पण ऐनवेळी छातीत धडधड सुरू होऊन तिथून परततो. अ‍ॅलेक्स मात्र त्याआधीच विमान अपघातात गेलेला असतो. तो अपघात होता की आणखी काही, हे मालिका सांगत नाही. दुसऱ्या पर्वात अ‍ॅलेक्सचे वडील पॉलवर खटला भरतात. दर शुक्रवारी जीनासमोर बसलेला पॉल पाहिला की ध्यानात येते, इतरांचे ऐकणाऱ्यालाही कोणीतरी विचारणारे लागते. आपल्या डॉक्टरला वा समुपदेशकाला असे विचारणारे कोणी आहे का, हा प्रश्न आपल्याकडे रुग्णाच्या डोक्यातही येत नाही.

तसे पाहिले तर आपल्या चित्रपटांनीही अलीकडे बरेच अंतर तोडले आहे. गौरी शिंदे यांच्या ‘डिअर जिंदगी’त (२०१६) शाहरुख खानचा डॉ. जहांगीर आलिया भटच्या कायराबरोबर गोव्याच्या समुद्रकिनारी हिंडतो. खऱ्या दवाखान्यात असे सहसा घडत नाही. पण कायराला तो आवडू लागतो, तेव्हा तो मर्यादा ओलांडत नाही, हे त्या चित्रपटाचे श्रेय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ने २०१६ सालासाठीचे सुवर्णकमळ मिळवले. त्यात जानकी ही डॉक्टर नाही. आत्महत्येच्या विचारात असलेल्या मुलाला ती घरात जागा देते, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करत नाही. घरच्यांनी नेमके काय करायचे, याचे इतके चांगले चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

गुपित कुठे संपते?

आता पुन्हा सुनीलकडे वळू या. आठवड्यामागून आठवडे तो येतो. पॉललाही तो आवडू लागतो. एकाकी असलेल्या या डॉक्टरला एकाकी असलेला हा बंगाली प्राध्यापक मित्रासारखा वाटू लागतो. सुनील बोलता बोलता सुनेविषयी बोलू लागतो. तिचे हसणे, तिचे कपडे, तिचे फोनवरचे बोलणे. त्यात राग आहे, आकर्षण आहे, आणि तरुणपणी आत्महत्या केलेल्या एका प्रेयसीची सावलीही आहे. पॉल घाबरतो. हा माणूस ज्युलियाला काही करील का? अखेरीस तो ज्युलियाला सावध करतो. पुढे पोलीस येतात, सुनीलची रवानगी कोठडीत होते आणि त्याला भारतात परत पाठवायचे ठरते. पॉल त्याला भेटायला जातो, तेव्हा सुनील शांतपणे सांगतो, मी तिला कधीच इजा केली नसती. मला फक्त घरी जायचे होते. मुलाला तसे सांगण्याचे धैर्य नव्हते, म्हणून तुमच्या संशयाचा मी उपयोग करून घेतला.

पॉल चुकला का? इथे मला एक खरी घटना आठवते. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितले की एका मुलीला मी मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, आणि तो शहाण्यासारखा बोलतो आहे असे पाहून सोडून दिले. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच काही सांगितले नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी दावा लावला, आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तिथे गुपित राखण्याचा हक्क संपतो. ज्याला धोका आहे, त्याच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारतज्ज्ञाचे कर्तव्य आहे. ‘टॅरासॉफ खटला’ या नावाने तो जगभर शिकवला जातो. त्या विद्यार्थ्याची शिक्षा पुढे रद्द झाली, आणि तोही भारतात परतला. सुनीलची कथा लिहिणाऱ्यांच्या मनात हा खटला होता का, ते त्यांनाच ठाऊक. पण तो माहीत असलेला कोणताही अमेरिकन डॉक्टर पॉलसारखाच वागला असता.

चूक आणखी अलीकडे झाली होती. पॉल सुनीलचा मित्र झाला आणि त्यामुळे त्याला सुनील नीट दिसेनासा झाला. “मला घरी जायचे आहे,” हे साधे वाक्य तो माणूस आठवडेच्या आठवडे आडवळणाने सांगत होता. मुलाला ऐकू आले नाही, कारण मुलाला बापाची सोय लावायची होती. डॉक्टरलाही ऐकू आले नाही, कारण डॉक्टरला सोबत हवी होती.

आपल्याकडेही या बाबतीत आता कायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत. दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, जिवाला धोका असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो, आणि त्या प्रतिनिधीला त्याच्या कर्तव्यापुरते सांगता येते. ‘मी बाप आहे, मी नवरा आहे, मी फी भरतो’ हे त्या अपवादांच्या यादीत नाही.

आपला सोमवार

ही मालिका उद्या मराठीत झाली, तर सोमवारी त्या खोलीत कोण येईल, असा विचार माझ्या मनात येतो. कर्जापायी नवरा गेलेली विदर्भातली बाई? लातूर-कोट्यात घासून परीक्षेत मागे पडलेला मुलगा? की मुलाच्या सतराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीशी बसलेले आप्पाकाका? यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला ती खोली मुळी येतच नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. (त्यात महाराष्ट्र नव्हता.) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. म्हणजे दहा रुग्णांपैकी सातपासून नवापर्यंत लोकांना डॉक्टर भेटलेलाच नाही. अशा देशात पन्नास मिनिटांच्या निवांत भेटीची मालिका ही चैन वाटू शकते, आणि हा आक्षेप खरा आहे. बोलूनच सारे बरे होते, असेही नाही. काही आजारांत औषधे लागतातच, आणि तीव्र आजारात घरच्यांनी दिलेल्या माहितीवाचून डॉक्टरचे पान हलत नाही.

तरीही बंद दाराचे तत्त्व गरिबाच्या दहा मिनिटांनाही लागू आहे. त्यातली पाच जरी रुग्णाची एकट्याची असली, तरी पुष्कळ झाले. घरच्यांना जे सांगायचे आहे ते रुग्णाच्या माहितीने, निराळे सांगता येते. पुण्यामुंबईत काय किंवा तालुक्याच्या गावी काय, डॉक्टरला एवढे विचारायला हरकत नाही : त्यांच्याशी एकट्याने बोलाल का? समुपदेशकाची पाटी दिसली तर शिक्षण काय, नोंदणी आहे का, हेही विचारावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. आणि जिथे कोणीच नाही, तिथे सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ती चालू आहे.

आप्पाकाकांना पुढे आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. या बाई होत्या. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा.” बाहेर प्लास्टिकच्या तीन खुर्च्या होत्या. पाऊण तास आम्ही तिथे बसलो. मला राग आला होता, तो लपवत नाही. आत काय बोलणे चालले आहे, हे आपल्याला कळायलाच हवे, असे वाटत होते. काका बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. “काय म्हणाल्या?” असे मी विचारले. ते म्हणाले, “चहा घेऊ या कुठेतरी.”

त्यानंतर ते वर्षभर जात होते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मुलाला सांगितले, “मला साताऱ्याला जायचे आहे. महिन्यातले पंधरा दिवस तरी.” भाऊ दुखावला, पण त्याने सोय केली. त्या खोलीत काका काय बोलले, हे आम्हाला कधीच कळले नाही, आणि आता ते नाहीत. “वाईटसाईट विचार येतात का?” या प्रश्नाचे त्यांचे स्वतःचे उत्तर काय होते, तेही मला माहीत नाही. मी दिलेले उत्तर मात्र बरोबर नसावे, असे आताशा वाटते.